तिसऱ्या दिवसाचा रकाना

"हे घर रिकामं का, सिस्टर?" संख्याशास्त्राच्या सरांनी पडद्यावरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. त्रेसष्टावी ओळ, तिसरा दिवस. वेदना, दहापैकी किती?

उभा जन्म वॉर्डात काढून पन्नाशीला सिस्टर एम.एस्सी.ला बसली होती, आणि मुलाच्या वयाचे सर तिला शिकवत होते. वय, झोप, भीती, वेदना, भेटायला येणारी माणसं, सगळं एकदम मांडून ऑपरेशननंतर पेशंट कसा सावरतो ते कसं बघायचं, हे महिनाभर डोकं फोडल्यावर आत्ता कुठे तिला उमगलं होतं. एकशेवीस फॉर्म. सगळे तिनंच भरून घेतलेले.

"एक घर रिकामं राहिलं की प्रोग्रॅम अख्खी ओळच सोडून देतो," सर म्हणाले. "सरासरी टाका. चार पूर्णांक दोन. मिटलं!"

चार! त्रेसष्ट नंबर म्हणजे शिंपीकाका. त्या दिवशी त्यांनी उशीचा अभ्रा दातांत धरला होता. दुखणं थांबवायचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देता येत नव्हतं, आणि डॉक्टरांचा फोन काही केल्या लागत नव्हता. संध्याकाळी काका गेले.

"चार मी मेले तरी टाकणार नाही. दहा टाकते, सर. मी होते ना तिथे!"

"ते म्हणाले दहा?"

सिस्टरनं की-बोर्डवरचं बोट उचललं.

"तुम्ही विचारलं होतंत का?"

नव्हतं विचारलं. फॉर्म घेऊन ती खाटेपर्यंत गेली होती आणि तशीच मागे फिरली होती. विचारणार तरी कोणत्या तोंडानं? काकांनी आकडा सांगितला असता, आणि त्यावर द्यायला तिच्या हातात काही नव्हतं. त्याची लाज आजही तिला जाळत होती.

"नाही," ती म्हणाली.

"मग आपल्या मनानं कसं टाकणार?" सरांचा आवाज मऊ झाला. "जाऊ द्या, काढा ती ओळ. अहो, शितावरून भाताची परीक्षा. एक शीत सांडलं म्हणून काय बिघडतं?"

तिनं बटण दाबलं. चौसष्टावी ओळ वर सरकून त्रेसष्टावी झाली.

काका गेले त्या संध्याकाळीही तासाभरात चादर बदलून काकांच्या खाटेवर दुसरा पेशंट आला होता. कोरा फॉर्म घेऊन सिस्टर त्याच्याजवळ गेली होती आणि विचारलं होतं, "किती दुखतंय, दादा?"