तिसरं पेडल

जुनी पेडल स्टील गिटार, टेबलासारखी आडवी, खाली पायानं दाबायची पेडलं असलेली, मी एका आजोबांकडून विकत घेतली.

"माझे पाय लुळे पडल्यावर सूर चढवायचं तिसरं पेडल आमची ही दाबायची, खाली बसून, हातानं. ती गेली, वाजवणंही सुटलं."

महिनाभर गिटारनं माझं डोकं खाल्लं. गंज काढला, तारा बदलल्या. फक्त तिसऱ्या पेडलला तारांशी जोडणारी सळई मोडकी निघाली. ती काढली त्याच दुपारी आजोबा चाकाच्या खुर्चीतून आले. राहवलं नसावं.

"तिसरं चालत नाही हं," मी बजावलं.

ते वाजवू लागले. ओळीच्या शेवटी सूर अलगद चढला.

सळई माझ्या हातात होती.

आजोबांनी खाली पाहिलंही नाही. "अगं, घाई कसली? सावकाश सोड."

सूर सावकाश उतरला.