एकच जोड

लेकीनं चारदा बजावलं होतं, “आई, लेदर आहे, नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं.” तरी सकाळी आईनं तिचे पांढरे स्नीकर्स बादलीत बुडवून ठेवले. लांबच्या शहरात नर्स म्हणून हजर व्हायला पांढरे बूट हवेत आणि जोड एकच. बूट वाळेपर्यंत पोर दोन दिवस तरी थांबेल, एवढंच आईच्या मनात. दुपारी लेक निघायला म्हणून बॅग घेऊन बाहेर आल्यावर आई वेड पांघरून पेडगावला गेली. “चकचकीत व्हावेत म्हणून भिजवले गं.” लेकीनं ठिबकणारे बूट उचलले. आता तोंडाचा पट्टा सुटणार, म्हणून आईनं मान खाली घातली. पण लेकीनं मिठीच मारली. “मी जाणार म्हणून बाबा रुसून बसलेत, तू मात्र बूटसुद्धा धुतलेस!” तिनं ओलेच पायात चढवले. दारापर्यंत ओली पावलं उमटली. “पुसून घे, घसरशील!” जिन्यातून हाक आली. आईनं फडकं हातात घेतलं, पण ते कोरडंच राहिलं.