मुदतवाढीचं पाणी

“नीट धरा, सांडेल,” मावशी म्हणाली आणि तिनं नवऱ्याच्या हातात पेला दिला.

त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. एका हातानं धरायचे दिवस केव्हाच गेले होते. बोटांची सालपटं निघालेली, मनगटं थरथरणारी. तरी थोडं पाणी अंगावर सांडलंच.

“बाळ्या असाच प्यायचा,” तो हसून म्हणाला. “एवढासा होता तेव्हा. दोन्ही हातांनी पेला धरून, डोळे मिटून.”

“त्याचं नाव काढू नका.”

“अगं, पोटचा पोर आहे आपला.”

“म्हणून तर जास्त चीड येते. बाप खाटेला खिळलाय आणि हा उंबऱ्याला पाय लावत नाही. पोटाला चिमटा काढून शिकवला, चांगले पांग फेडले त्यानं!”

नवऱ्यानं विषय सोडून दिला. तिच्या रागापुढं त्यानं कधीच हात टेकले होते.

मावशी वीज प्रकल्पाच्या कँटीनमध्ये कामाला होती. नवरा नाल्याकाठी भाजी पिकवायचा. प्रकल्पाचं राख मिसळलेलं सांडपाणी त्याच नाल्यात सुटायचं, आणि तो वर्षानुवर्षं त्यात उभा राहून वाफे भिजवत आला होता. प्यायची विहीरही नाल्याला लागूनच. मूत्रपिंडं गेली, असं डॉक्टर म्हणाले. कशानं गेली, ते म्हणाले नाहीत. वस्तीत अशी खाट बऱ्याच घरांतून होती.

सांडपाणी शुद्ध करूनच सोडायचं, असा नियम आला होता. यंत्रणा बसवायला प्रकल्पानं मुदत मागितली. ती संपली तेव्हा पुन्हा मागितली. यंत्रणेच्या नावानं एक चौथरा तेवढा बांधून झाला होता आणि त्यावर कुत्री झोपायची. आज तिसऱ्यांदा मुदत मागायची होती. सुनावणी प्रकल्पाच्याच सभागृहात होती.

तिथं काय होणार, हे मावशीला तोंडपाठ होतं. वस्तीतली माणसं आरडाओरडा करणार. मग साहेब उठणार, टेबलावरच्या काचेच्या जगातून ग्लासभर पाणी ओतणार आणि म्हणणार, हे नाल्याच्या तोंडाचं पाणी आहे. मग ते सगळ्यांदेखत पिऊन दाखवणार. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी माना डोलावणार आणि मुदत देऊन जेवायला जाणार.

पाणी असायचं कँटीनच्या फिल्टरचं. जग भरायचं काम मावशीचं. दोन्ही वेळा तिनंच तो भरला होता आणि दोन्ही वेळा तोंडाला कुलूप लावून भिंतीशी उभी राहिली होती. घरात आजारी माणूस, नोकरी सोडून कसं चालेल? शिवाय साहेबाला चारचौघांत खोटं पाडायला तिची जीभ रेटत नव्हती. त्याबद्दल तिला स्वतःचाच राग यायचा.

आज ती जीभ हलवणार नव्हती. निदान आधी तरी नाही. काल तिनं नाल्याच्या तोंडाशी कळशी बुडवली होती. राख तळाशी बसू दिली, वरचं पाणी फडक्यातून गाळून घेतलं. आता ते फिल्टरच्या पाण्यासारखंच दिसत होतं. आज सकाळी तेच तिनं जगात ओतलं. पी म्हणावं. घरचं माणूस जन्मभर प्यायलं, तू एकदा पी. पोटात गेलं की सगळ्यांसमोर सांगते, कुठलं होतं ते. मग बघू कोण मुदत देतं!

सभागृह भरलं. साहेब कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाकीचे त्याला अहोजाहो करायचे, मावशी मनातल्या मनात अरेतुरेच करायची.

“मावशी, जग भरलात?” त्यानं तिच्याकडं न बघता विचारलं. सगळे तिला मावशीच म्हणायचे. पण साहेबानं म्हटलं, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

“भरला, साहेब.”

“नेहमीचंच ना?” त्यानं आवाज खाली आणला.

“नेहमीचंच.”

तो काही तरी आणखी विचारणार होता बहुतेक. पण अधिकारी आले आणि तो त्यांच्याकडं वळला.

“आणखी थोडा अवधी मिळावा, एवढीच विनंती आहे,” साहेबानं सुरुवात केली. “काम प्रगतीवर आहे.”

“कुत्री झोपलीत तुमच्या प्रगतीवर!” मागून एक म्हातारी ओरडली. लोक हसले, पण त्या हसण्यात संताप होता. एक जण खुर्चीवर चढला. “त्या पाण्यात तुमचा बाप उभा राहिलाय का कधी, साहेब?”

शेजारच्यांनी त्याला खाली खेचलं आणि चोरून मावशीकडं पाहिलं. मावशीनं पापणीही हलवली नाही.

साहेबाचा चेहरा उतरला होता. त्यानं घसा खाकरला.

“शांत राहा,” मंडळाचे अधिकारी म्हणाले. “साहेब, पाण्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?”

साहेबानं जग उचलला, ग्लास काठोकाठ भरला आणि उजेडात धरून सगळ्यांना दाखवला.

“हे नाल्याच्या तोंडाचं पाणी. आज सकाळी भरलेलं. ते वाईट असतं, तर मी प्यालो असतो का?”

मावशीनं पदर मुठीत आवळला. पी, ती मनात म्हणाली. पी एकदाचा.

ग्लास भरलेला होता. सांडू नये म्हणून साहेबानं तो दोन्ही हातांनी धरला, ओठांजवळ नेला आणि डोळे मिटले.

“पिऊ नको रे, बाळ्या!” मावशी किंचाळली. “आज ते खरंच नाल्याचं आहे!”