सुट्टीचा एकच रविवार

“कासवं कुठायत?” नाव बेटाला लागताच हेमांगीने विचारलं.

पलीकडे मादागास्करच्या किनाऱ्यावर दातांच्या शिबिरात ती महिनाभर विनामोबदला राबत होती. फिरायला हा एकच रविवार मिळाला होता. पण समोर माडांखाली अकरा माणसं गाल धरून बसलेली. नावाडी झाफीने बाकाखालून तिची शिबिरातली बॅग हळूच बाहेर काढली.

“यांना शिबिरापर्यंत यायला नाव परवडत नाही, डॉक्टर.”

“आणि मला न विचारता बॅग उचललीत?” ती संतापली. तरी तिने हातमोजे चढवले.

पहिल्या म्हातारीची दाढ आठ महिने ठणकत होती. दाढ निघाल्यावर म्हातारी तिथेच वाळूत गाढ झोपली. पाचव्या माणसानंतर भुलीची इंजेक्शनं संपली. उरलेल्या सहा जणांना हेमांगीने हात जोडून परत पाठवलं. त्यातली एक बाई रडतच गेली.

परतताना तिला कासवं आठवलीसुद्धा नाहीत. “काल सांगितलं असतंत तर खोकंभर इंजेक्शनं आणली असती ना!” ती ओरडली.

झाफीने वल्हं थांबवलं. “काल सांगितलं असतं, तर तुम्ही आला असतात?”

“नसते आले,” ती म्हणाली.