सहा फुटी टाकी

“चार फुटी पुरेल,” कडू म्हणाले.

“नाही पुरणार,” कुसुमबाई म्हणाल्या. “सहा फुटीच पाहिजे.”

शनवाऱ्याच्या बाजारातल्या कडूंच्या दुकानात मासे, काचेच्या टाक्या, खाद्य असं सगळं मिळायचं. कुसुमबाई वर्षभर तिथूनच खाद्य नेत होत्या. आज सोबत त्यांचा मुलगा जितेंद्र होता. आई भलतंच काही घरात आणून ठेवेल, म्हणून तो मुद्दाम आला होता.

“दोनच तर मासे आहेत,” कडू म्हणाले.

“ऑस्कर आहेत ते. आणले तेव्हा बोटाएवढे होते, आता वीतभर झालेत. पुढच्या वर्षी फुटाचे होतील. तुमच्या चार फुटीची रुंदी दीड फूट. म्हणजे वळताना काचेला घासूनच वळायचं त्यांनी.”

“रुंदी वाढवून देतो. दोन फूट करू.”

“आणि लांबी?”

“लांबी चारच. सहा फुटी भरली की आठ-नऊशे किलो होते. एकदा ठेवली की हलत नाही. अर्धा हॉल तिच्यातच जातो. माणसांनी बसायचं कुठे?”

“माणसांना दोन खुर्च्या पुष्कळ झाल्या.”

असा दुकानदार जितेंद्रने पहिल्यांदाच पाहिला. “बघ आई, विकणारा माणूसच नको म्हणतोय. काका, तुम्हीच समजवा हिला. माझं तर ऐकतच नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, वरून स्लॅबही जुना. मतलब, उद्या काही झालं तर?”

“जागा खालची आहे,” कुसुमबाई म्हणाल्या. “फरशी पक्की आहे.”

कडूंनी मान खाली घालून मोजायची टेप गुंडाळली.

घरी परतताना, राजपुऱ्यात शिरल्यावर जितेंद्रने स्कूटर हळू केली. “त्यांच्यासमोर खोटं कशाला बोललीस?”

“मी खोटं बोलले नाही.”

“म्हणजे घरमालकाच्या वरांड्यात ठेवायचा विचार आहे का? तो कधीच देणार नाही.”

कुसुमबाई रस्त्यावरच्या दुकानांकडे बघत राहिल्या.

नवरा गेल्यावर नेपानगरचं पेपर मिलचं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हाही त्या अशाच गप्प राहिल्या होत्या. त्यांचं शिलाई मशीन, लाकडी कपाट, अंगणातल्या कुंड्या जितेंद्रने परस्पर वाटून टाकल्या. इथे जागा नाही, असं तो म्हणाला आणि ते खरंही होतं. त्यांना स्वयंपाकघराला लागून एक पलंग मिळाला. कुठे जायचं, कुणाकडे बसायचं, देवळातून किती वाजता परतायचं, सगळं तोच ठरवू लागला. तो वाईट नव्हता. आईची काळजी घेणं म्हणजे हेच, असं त्याला वाटत होतं.

मासे तेवढे त्यांनी स्वतः आणले होते. गॅलरीतल्या दोन फुटी टाकीत आता ते जेमतेम मावत होते. एकाच्या तोंडाला काच घासून जखम झाली होती. पाणी दोन दिवसांत गढूळ व्हायचं आणि कुसुमबाई बादल्या भरभरून ते बदलायच्या.

“लहान टाकीत ठेव, लहानच राहतील,” जितेंद्र जेवताना म्हणाला. “माझ्या दुकानाच्या शेजारचा भूपेंद्र सांगत होता.”

“लहान राहत नाहीत. आजारी पडतात आणि मरतात.”

“मग तापीत सोडून दे. एवढी मोठी नदी आहे.”

“नदीतले छोटे मासे खाऊन टाकतील हे. आणि मी पाळलेत, तर सोडून कशाला देऊ?”

“या वयात हे नाद शोभतात का, आई? लोक हसतात.”

कुसुमबाईंनी ताट बाजूला सारलं. “हसू दे. मशीन दिलंस, कपाट दिलंस, मी बोलले नाही. हे मासे मी देणार नाही, जितू. टाकी येणार आणि सहा फुटीच येणार.”

सून वर्षा पोळी वाढता वाढता थांबली. सासूला इतक्या ठाम आवाजात बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. ती हसू दाबत आत गेली.

जितेंद्रने गॅलरीत जाऊन कडूंना फोन लावला. “काका, आई ऑर्डर द्यायला आली तर साफ नाही म्हणा. तुमचंच काय ते ऐकेल.”

“मी रोज नाहीच म्हणतोय,” कडू म्हणाले. “त्या ऐकत नाहीत.”

“तरी पण. एक बार फिरसे बोलून बघा.”

“बघतो.”

रविवारी सकाळी जिन्याखाली टेम्पो येऊन थांबला. जितेंद्रने गॅलरीतून पाहिलं. गाद्यांमध्ये गुंडाळलेली लांबलचक काच, लोखंडी स्टँड, चार हमाल आणि ड्रायव्हरशेजारी स्वतः कडू, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

तो धावतच खाली गेला आणि जिन्याच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभा राहिला.

“काका, तुम्हीपण? तुमच्यावर भरोसा केला मी. ही टाकी वर जाणार नाही.”

“वर न्यायचीच नाही,” कडू हळू म्हणाले.

मागून पावलं वाजली. कुसुमबाई झाकणाची बादली दोन्ही हातांनी धरून उतरत होत्या. बादलीत मासे पाणी उडवत होते. त्यांच्यामागे वर्षा होती, तिच्या हातात कुसुमबाईंची सुटकेस. जितेंद्र नकळत बाजूला झाला. कडूंनी पुढे होऊन बादली घेतली आणि सीटवर जपून ठेवली.

“आई, कुठे चाललीस? ही टाकी ठेवणार कुठे?”

कुसुमबाईंनी पदर खोचला, टेम्पोच्या पायरीवर पाय ठेवला आणि वळून मुलाकडे सरळ पाहिलं.

“लालबागेत यांच्या घरी, खालच्या हॉलात. परवा आम्ही कोर्टात लग्न केलं.”