कठड्यापाशी उभा माणूस

"माणूस फार उंच झालाय," मॅडम म्हणाल्या. "कठडा त्याच्या मांडीशीच येतोय."

विद्यार्थिनीच्या वहीत कॉलेजच्या ग्रंथालयाच्या वरच्या गॅलरीचं चित्र होतं. मॅडमच्या वर्गात टिपणं शब्दांत घ्यायची सोयच नव्हती. जे शिकायचं ते बघून, मोजून, रेखाटून. आणि प्रत्येक चित्रात एक माणूस हवाच, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. पोरं कुरकुरायची, पण इमारत डोक्यात पक्की बसायची.

"खोडून परत काढ."

"मॅडम, माणूस बरोबर आहे," मुलगी चाचरत म्हणाली.

गॅलरीला सहा वर्षं कुलूप होतं, ते याच आठवड्यात निघालं. मॅडम अजून वर चढल्या नव्हत्या. त्यांचा नवरा इथला ग्रंथपाल. सहा वर्षांपूर्वी तो त्या गॅलरीतून खाली पडून गेला, तेव्हा चौकशीला आलेल्या साहेबांना इमारतीचा मूळ नकाशा त्यांनीच दाखवला होता. कठडा कमरेच्याही वर. तोल जाऊन माणूस पडणं शक्यच नाही. मग उरलं एकच, त्याने स्वतःच उडी घेतली.

त्या सकाळी हरवलेल्या किल्लीवरून दोघांचं वाजलं होतं. सासूबाई तेव्हापासून विचारत, "काय बोललीस गं त्याला?" अजूनही कधी शेजारच्या खोलीतून त्याचा खोकला ऐकू यायचा. मॅडम उठून बसायच्या. जाऊन विचारावंसं वाटायचं, इतकं लागलं का रे तुला?

"नकाशा बघ. बेचाळीस इंच आहे कठडा."

"नकाशात असेल. पण मी काल तिथे उभी राहिले ना." मुलीने स्वतःच्या मांडीवर हात ठेवला. "इथवरच येतो. खाली वाकले तर तोलच जायला लागला."

मॅडमनी वही जवळ ओढली. म्हणजे तो त्यांना सोडून गेला नव्हता. छातीवरचा धोंडा हलला. डोळे भरून आले, तसे त्यांनी येऊ दिले. घरी जाऊन सासूबाईंना सांगायचं होतं, तो पडला हो, नुसता पडला.

"अगं, पण कठडा कापला कुणी?"

"कापला नाही मॅडम. खालचा भाग लाकडाखाली गेलाय." मुलीने पान उलटलं. "दारातून आत उतरायला दोन पायऱ्या होत्या. त्या घालवायला कुणीतरी वर लाकडी जमीन घातलीय."

ती जमीन मॅडमनीच सुताराला सांगून घालून घेतली होती, तो पडायच्या आदल्या आठवड्यात, त्याचे गुडघे दुखायचे म्हणून.