पाचव्या मजल्यासाठी लिफ्ट

"सही मी करतो की," पाचव्या मजल्यावरचे काका म्हणाले. "तिला कशाला त्रास?"

"घराचा भाडेपट्टा काकूंच्या नावावर आहे, काका. दुसऱ्या कुणाची सही चालणार नाही."

काका हसले आणि दार पुरतं उघडून बाजूला झाले. पाच जिने चढून चष्मेवालीला धाप लागली होती. ती राहायला दुसऱ्या मजल्यावर होती आणि चौकातल्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, म्हणून इमारतीत तिला हेच नाव पडलं होतं. लिफ्ट बंद पडून चौदा महिने झाले होते. गच्ची गळत होती. चौथ्या मजल्यावरचा कठडा धरला तर हातात यायचा. देखभाल घरमालकाच्या ज्या एजंटाकडे होती, त्याचं उत्तर दर वेळी तेच: 'पाहणी करून कळवू.' पाहणीला अजून चिटपाखरूही फिरकलं नव्हतं.

काकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. गुडघे कामातून गेलेले. लिफ्ट थांबल्यापासून त्या एकदाही खाली उतरल्या नव्हत्या. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज अक्षरन् अक्षर वाचला.

"'विनंती' खोड," त्या म्हणाल्या. "विनंतीला केराची टोपली दाखवतात. पट्ट्यातलं सातवं कलम लिही. दुरुस्ती ही त्यांची जबाबदारी आहे, उपकार नव्हे."

"बघ, घरबसल्या वकील झाली!" काका म्हणाले. "अगं, तुला कशाला हवीय लिफ्ट? सगळं हातात आणून देतो की नाही?"

"देता," काकू म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

जिना उतरताना चष्मेवालीच्या मनात आलं, नवरा असावा तर असा. भाजी, औषधं, बँक, सगळं काका बघायचे. बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचे. बेल वाजली की हिला उठावं लागतं, म्हणून. काकूंचा फोनही खिशात घालून न्यायचे. नसत्या माणसांचे फोन हिला सोसवत नाहीत, म्हणून. चष्मेवालीच्या नवऱ्याला स्वतःचा चष्मा कपाळावर असला तरी सापडत नसे. "नशीब लागतं बाई," पहिल्या मजल्यावरची शिंपीण म्हणायची, आणि ते कुणालाच खोटं वाटत नव्हतं.

त्या आठवड्यात जिन्यातच बैठक भरली. शिंपीण तावातावाने म्हणाली, "देखभालीचा हप्ता देणंच बंद करू. नाक दाबलं की तोंड उघडतं." चारचौघांनी माना डोलावल्या. चष्मेवालीला मात्र धीर होईना. ती पुन्हा पाच जिने चढली.

काका स्वयंपाकघरात चहा टाकत होते. काकू हलक्या आवाजात भराभर बोलू लागल्या. "हप्ता थांबवू नका. थांबवलात की आपण थकबाकीदार आणि ते साळसूद. फोटो काढा. प्रत्येक तक्रारीची तारीख लिहून काढा. निम्म्याहून जास्त पट्टेदारांच्या सह्या झाल्या की लवादाकडे जा आणि व्यवस्थापकच बदलून मागा. आणि तिथे सांग, की एक बाई चौदा महिने घरात अडकलीय."

"काकांचेही हाल होत असतील, नाही? या वयात पाच जिने."

"त्यांना मानवलेत," काकू म्हणाल्या.

काका कप घेऊन आले. मग बोलणं गच्चीतल्या पाण्याकडे वळलं.

वीस घरांपैकी सतरा सह्या झाल्या. लवादासमोर एजंटाच्या माणसाने हात झटकले. म्हणे, अशी गंभीर तक्रार आमच्याकडे आलीच नव्हती. चष्मेवालीने एक्केचाळीस तारखा वाचून दाखवल्या. फोटो झाले, सातवं कलम झालं. शेवटी ती पाचव्या मजल्यावरच्या काकूंविषयी बोलली. अध्यक्षबाईंनी लेखणी खाली ठेवली. "शेवटचं त्या कधी बाहेर पडल्या?" एवढंच त्यांनी विचारलं.

महिन्याभरात जुना एजंट गेला. नव्या व्यवस्थापकाने आधी कठडा पक्का केला आणि मग लिफ्टला हात घातला. काका दोनदा जिन्यात भेटले. उतरलेला चेहरा.

"आता मला कोण विचारणार?" ते म्हणाले.

"आता तुम्ही आराम करा हो," चष्मेवाली हसून म्हणाली.

लिफ्ट सुरू व्हायच्या दिवशी सकाळी काकूंनी तिला वर बोलावलं. त्या ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या, डोळ्यांत वेगळीच चमक.

"मी एकटी येईन," त्या म्हणाल्या. "बटण मीच दाबणार. यांना तेवढं खाली नेऊन उभं कर, अगदी दारासमोर. सगळ्यांत पुढे हेच हवेत."

चष्मेवालीने हे खाली सांगितलं तेव्हा शिंपिणीने डोळ्यांना पदर लावला. काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सगळ्यांनी त्यांना हाताला धरून पुढे केलं. कुणीतरी पाठीवर थाप मारली. काका दाराकडे एकटक बघत होते.

वर कुठेतरी खटका झाला. दारावरचा आकडा पेटला. पाच. चार. तीन. दोन. एक. कुणीतरी आधीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

दार सरकलं. आत कुणीच नव्हतं. चाकांच्या दोन मोठ्या बॅगा शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्यांवर काकांचा कोट नीट घडी करून ठेवलेला होता आणि कोटाला टाचणीने लावलेल्या कागदावर काकूंच्या अक्षरात लिहिलं होतं: 'सामान सगळं यांचं आहे. औषधं बाहेरच्या कप्प्यात ठेवली आहेत.'